खुंटी, कोनाडा आणि घड्याळाची चाल

किल्लीवर चालणारे घड्याळ ज्या स्थितीत विसावते त्या स्थितीचा त्याच्या वेळेवर परिणाम होतो, ही गोष्ट घड्याळशास्त्राला दोनशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक असली, तरी दुरुस्तीच्या टेबलावर ती ज्या रूपात समोर येते ते रूप ग्रंथांतल्या रूपापेक्षा बरेच वेगळे असते. ग्रंथांत ती कोष्टकांतून आणि समीकरणांतून मांडलेली असते, तर टेबलावर ती तक्रार होऊन येते, आणि वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या गावांतल्या घड्याळजींनी ही तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकलेली आहे: ‘तुमच्या दुकानात असतं तोवर बरोबर चालतं, घरी नेलं की पुढं पळतं.’ असे सांगणारा गिऱ्हाईक खोटे बोलत नसतो आणि दुरुस्ती करणाऱ्यानेही कामात कसूर केलेली नसते. दुकानात तेच घड्याळ खिळ्याला उभे टांगलेले असते, घरी ते रात्रभर पाठीवर आडवे पडलेले असते, आणि या दोन अवस्थांमध्ये त्याची चाल खरोखरच दोन वेगळ्या प्रकारची असते.

चाल म्हणजे एखादे घड्याळ चोवीस तासांत खऱ्या वेळेच्या किती सेकंद पुढे जाते किंवा मागे पडते ते मान. दिवसाचे 86,400 सेकंद लक्षात घेतले तर पाच सेकंदांची चूक ही दहा हजारांत एका भागाहूनही कमी ठरते, आणि किल्लीच्या घड्याळाला बोल लावण्यापूर्वी हे प्रमाण ध्यानात ठेवणे न्याय्य आहे. एचएमटीचे घड्याळ या भागात मनगटामनगटावर होते, त्याचा आरंभ 1961 मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने झाला, आणि ‘जनता’सारख्या हाताने किल्ली देण्याच्या घड्याळांत सतरा माणके बसवलेले, तासाला 18,000 ठोके देणारे यंत्र असे. म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला चार लाख बत्तीस हजार ठोके. एवढ्या ठोक्यांतला प्रत्येक ठोका किंचित लांबला किंवा आखडला, तरी त्या किंचितपणाची बेरीज दुसऱ्या सकाळी तबकडीवर दिसू लागते.

ही बेरीज कुठून येते हे समजण्यासाठी यंत्राचा एकच भाग नीट पाहावा लागतो. मागचे झाकण उघडल्यावर जे चाक एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला झपाट्याने फिरताना दिसते त्याला बॅलन्स म्हणतात, आणि त्याच्या दांड्याला जी केसासारखी बारीक गुंडाळलेली कमान जोडलेली असते ती हेअरस्प्रिंग. बॅलन्स जितक्या वेळात एक फेरी जाऊन परत येतो तो वेळ चाकाचे जडत्व आणि हेअरस्प्रिंगचा ताण या दोहोंवर ठरतो. बाकीची सारी चाके, मोठी कमान, एस्केप व्हील आणि पॅलेट फोर्क यांचे काम एवढेच, की बॅलन्सच्या फेऱ्या मोजायच्या आणि प्रत्येक फेरीला हलका धक्का देऊन त्याचा झोका जिवंत ठेवायचा. हा झोका, म्हणजे विसाव्याच्या जागेपासून एका बाजूला बॅलन्स किती अंश फिरतो ते माप, भौतिकशास्त्रात आयाम म्हणून ओळखले जाते. नुकतीच सफाई झालेले, पूर्ण किल्ली दिलेले घड्याळ आडवे ठेवले असता हा झोका 270 ते 300 अंशांच्या आसपास असतो. आदर्श बॅलन्सला झोका मोठा असो वा लहान, एका फेरीला सारखाच वेळ लागला पाहिजे, परंतु असा आदर्श बॅलन्स कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही, आणि स्थितीमुळे होणाऱ्या चुकीचे मूळ या अपूर्णतेतच आहे.

घड्याळ आडवे असते, तबकडी आकाशाकडे किंवा जमिनीकडे असते, तेव्हा बॅलन्सचा दांडा उभा राहतो आणि त्याचे सारे वजन दांड्याच्या गोलसर टोकावर, म्हणजे पिव्हटच्या अग्रावर, खालच्या माणकाला टेकून असते; अणकुचीदार आरीवर उभा असलेला भोवरा जसा फार कमी घर्षणात फिरत राहतो तसा. तेच घड्याळ उभे केले की दांडा आडवा होतो, एक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढ्या जाडीचे दोन्ही पिव्हट माणकाच्या भोकात कुशीवर पडून घासू लागतात, आणि झोका तीस-चाळीस अंशांनी, घड्याळ जुने व मळलेले असल्यास त्याहूनही अधिक, उतरतो. पिव्हट झिजून त्याचे टोक चपटे झाले असेल तर फरक उलटही दिसतो, कारण मग आडव्या स्थितीतले घर्षणही वाढलेले असते. आणि तबकडी वर व तबकडी खाली या दोन आडव्या स्थितींच्या झोक्यांत तफावत आढळली, तर दोन टोकांपैकी एकाच्या माणकात तेल सुकले आहे किंवा एकच पिव्हट खराब झाला आहे, असे अनुभवी हात भिंग डोळ्याला लावण्यापूर्वीच ओळखतो. एचएमटीच्या घड्याळांत हे माणिक ‘पॅराशॉक’ नावाच्या धक्काशोषक बैठकीत एका चिमुकल्या स्प्रिंगखाली बसवलेले असते, त्यामुळे बॅलन्स न काढताही ते उचलून, धुऊन, तेलाचा एक ठिपका देऊन परत बसवता येते, आणि या पाच मिनिटांच्या कामाने दोन आडव्या स्थितींतला फरक मिटल्याचे कितीतरी वेळा दिसून येते.

झोका उतरला म्हणून चाल का बदलावी, याचे एक कारण बॅलन्सला मिळणाऱ्या धक्क्यात आहे. जॉर्ज बिडेल एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने 1826 मध्ये दाखवून दिले, की आंदोलन करणाऱ्या वस्तूला विसाव्याच्या बिंदूपूर्वी दिलेला धक्का तिला वेगवान करतो, आणि त्या बिंदूनंतर दिलेला धक्का तिला मंद करतो. मनगटी घड्याळातल्या पॅलेट फोर्कचे कुलूप उघडताना होणारा अडथळा बिंदूपूर्वी येतो आणि धक्क्याचा बराचसा भाग बिंदूनंतर पडतो, त्यामुळे एकंदर परिणाम घड्याळ मंद करण्याचा होतो आणि झोका जितका लहान तितका हा परिणाम मोठा ठरतो. दुसरे कारण रेग्युलेटरच्या दोन पिनांमध्ये आहे. हेअरस्प्रिंगचा बाहेरचा वेढा या दोन पिनांमधून जातो आणि त्या पिना पुढे-मागे सरकवून घड्याळ जलद किंवा मंद केले जाते. पिनांमध्ये जागा अधिक असेल तर लहान झोक्यात कमान पिनांना पुरेशी टेकतच नाही, तिची कार्यकारी लांबी वाढते आणि घड्याळ मागे पडते. या दोन कारणांमुळे सर्वसाधारण घड्याळ आडवे असताना थोडे पुढे आणि उभे असताना थोडे मागे जाते. दुकानातल्या खिळ्यावर वेळ लावलेले घड्याळ गिऱ्हाइकाच्या घरी पुढे पळते, त्यामागे हीच साधी यंत्रगती असते.

परंतु उभ्या स्थितीही सगळ्या सारख्या नसतात, आणि या विषयातला खरा रस इथे सुरू होतो. बॅलन्सच्या कडेचे वजन सर्व बाजूंनी अगदी समान असेल तर चावी, म्हणजे किल्ली देण्याचे कडेचे बटण, वर असो, खाली असो, तबकडीवरचा बारा वर असो वा सहा वर, चाल एकच राहावी; प्रत्यक्षात एखादी बाजू सूक्ष्म प्रमाणात जड राहिलेली असते. बॅलन्स विसाव्यावर असताना ही जड बाजू खाली असेल आणि झोका लहान असेल, तर गुरुत्वाकर्षण लंबकाप्रमाणे तिला परत खाली ओढते, हेअरस्प्रिंगला मदत करते आणि घड्याळ पुढे जाते; झोका मोठा असेल तर जड बाजू डोक्यावरून पलीकडे जाते, फेरीच्या टोकाशी गुरुत्वाकर्षण तिला विसाव्यापासून आणखी दूर ओढू लागते आणि घड्याळ मागे पडते. या दोन परिणामांचा तोल सुमारे 220 अंशांच्या झोक्याला अगदी बरोबर साधतो, तिथे जड बाजू असूनही चालीवर काहीच परिणाम होत नाही, आणि त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे चुकीचे चिन्हच उलटते. हा आकडा अनुभवाने हाती आलेला ठोकताळा नाही, तो गणितातून निघतो, आणि ज्याने तो टेबलावर पडताळून पाहिला आहे त्याला त्याचे नवल कधी संपत नाही असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या 220 अंशांच्या रेषेचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. उभे ठेवलेले घड्याळ सकाळी किल्ली दिल्यानंतर 250 अंशांवर झुलत असेल आणि चोवीस तासांनंतर मोठी कमान सैल होऊन 190 अंशांवर आलेले असेल, तर एकाच बॅलन्सची एकच जड बाजू सकाळी त्याला मागे ओढते आणि उत्तररात्री पुढे ढकलते. त्याहून अधिक घोटाळा सफाईनंतर होतो. वर्षानुवर्षे मळलेले, सुकल्या तेलावर 180 अंशांनी कसेबसे झुलणारे घड्याळ एखाद्याने चावी खाली करून ठेवण्याची सवय लावून घेतलेली असते, कारण त्या स्थितीत ते त्याच्या उपयोगापुरते बरोबर राहते. सफाई झाल्यावर तेच यंत्र 250 अंशांनी झुलू लागते, जड बाजूचा परिणाम उलटतो, आणि जुनी सवय तशीच चालू ठेवणाऱ्या मालकाला वाटते की दुरुस्तीने घड्याळ बिघडवले. म्हणून सफाई केलेले घड्याळ परत देताना ते रात्री कसे ठेवले जाते हे विचारून घेण्याची पद्धत ज्यांनी पाळली, त्यांच्याकडे घड्याळ दुसऱ्यांदा परत येण्याचे प्रमाण कमी राहिले.

जड बाजू शोधण्याचे काम पाहण्यासारखे असते. हेअरस्प्रिंग उतरवून मोकळा केलेला बॅलन्स पॉयझिंग टूलच्या दोन समांतर, आरशासारख्या गुळगुळीत माणकी कडांवर दांड्याच्या पिव्हटवर आडवा ठेवतात. उपकरण पूर्ण समपातळीत असावे लागते आणि पंख्याचा वाराही चालत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात हे काम करणाऱ्याच्या कपाळावरून घाम निथळत असतो. बारीक ब्रशच्या केसाने हलकेच स्पर्श केल्यावर बॅलन्स डुलतो, मागे-पुढे होतो आणि शेवटी एका जागी स्थिरावतो. पुन्हा स्पर्श केल्यावरही तोच बिंदू खाली येऊन थांबला तर तो जड, आणि दर वेळी वेगळाच बिंदू खाली येत असेल तर तोल साधला आहे असे समजतात. जड बिंदूच्या ठिकाणी कड्याच्या खालच्या अंगाने धातूचा डोळ्याला जेमतेम दिसेल इतका कण अतिशय बारीक ड्रिलने काढतात. कण जास्त निघाला तर हलकी झालेली बाजू पुन्हा जड करता येत नाही, समोरच्या बाजूने तेवढाच कण काढावा लागतो, आणि वजन घटल्यामुळे सगळे घड्याळच पुढे जाऊ लागते. म्हणून थोडे काढून पुन्हा पाहणे हीच या कामाची रीत आहे. ज्याच्याकडे हे उपकरण नाही त्यालाही चालीवरून जड बाजू ओळखता येते: किल्ली थोडीच देऊन झोका 160 अंशांच्या आसपास ठेवायचा, चारही उभ्या स्थितींत चाल मोजायची, आणि ज्या स्थितीत घड्याळ सर्वांत पुढे जाते त्या स्थितीत बॅलन्स विसाव्यावर असताना जी बाजू खाली येते तीच जड बाजू मानायची.

हेअरस्प्रिंगचाही या चुकीत वाटा असतो. सपाट कमान उघडते-मिटते तेव्हा ती सगळीकडून सारखी फुलत नाही, तिचा गुरुत्वमध्य दांड्यापासून किंचित सरकतो, आणि उभ्या स्थितीत हे सरकणे जड बाजूसारखेच वागते. अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीने अठराव्या शतकाच्या अखेरीस कमानीचा शेवटचा वेढा वर उचलून आत वळवण्याची युक्ती काढली ती यावरच, आणि 26 जून 1801 रोजी त्याला ज्या टुरबियाँचे पेटंट मिळाले त्यात तर बॅलन्स, कमान, एस्केप व्हील आणि पॅलेट फोर्क हा सारा संच एका पिंजऱ्यात बसवून सतत फिरवत ठेवला जातो, म्हणजे जड बाजू कधी खाली, कधी वर, कधी कडेला येऊन उभ्या स्थितींतल्या चुका एकमेकींना छेद देतात. टुरबियाँ आज श्रीमंतांच्या हौसेची वस्तू झाली असली, तरी तिचा जन्म खिशात दिवसभर उभ्या राहणाऱ्या घड्याळाच्या अडचणीतून झाला, आणि आडव्या-उभ्यातला फरक तीही मिटवू शकत नाही.

खिशातले किंवा कमरेला लावलेले घड्याळ हा वर्धा जिल्ह्यात विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे. महात्मा गांधी 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्याजवळच्या शेगावात आले, पुढे 1940 मध्ये त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले, आणि कमरेला लटकणारे घड्याळ ही गांधीजींच्या मोजक्या वस्तूंमधली सर्वांत परिचित वस्तू ठरली. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांच्या वस्तूंबरोबर ज्या झेनिथ घड्याळाची विक्री झाली ते गजर असलेले, चांदीच्या पेटीचे खिशातले घड्याळच होते. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या कमरेला असे घड्याळ कोणत्या स्थितींतून जाते याचा विचार केला, तर एका दिवसात किती प्रकारच्या चाली एकत्र होतात ते कळते. चालताना ते कडी वर करून उभे लटकते आणि पावलागणिक हेलकावते. जमिनीवर बैठक मारून लिहिताना ते मांडीशी तिरके पडते. रात्री ते उशाशी आडवे राहते, किंवा काही गजराच्या घड्याळांना मागचे झाकण उघडून तिरके उभे करण्याची सोय असते तशी सोय असेल तर कोनात उभे राहते. तबकडी उघडी असलेल्या खिशातल्या घड्याळाची चावी बारावर असल्याने दिवसा त्याची मुख्य स्थिती ‘बारा वर’ हीच असते, आणि ते दुरुस्त करणारा जाणता कारागीर बारा वर व तबकडी वर या दोन स्थितींतली चाल जवळ आणण्याला इतर सर्व स्थितींपेक्षा अधिक मोल देतो. मनगटी घड्याळाचा हिशेब वेगळा. ते डाव्या हातात असते, चावी पंजाकडे असते, हात खाली सोडला की चावी खाली येते. म्हणून मनगटी घड्याळात तबकडी वर आणि चावी खाली या दोन स्थिती महत्त्वाच्या, आणि चावी वर ही स्थिती दिवसभरात फारच थोडा वेळ येत असल्यामुळे ती रात्रीच्या विसाव्यासाठी मोकळी राहते.

रात्रीच्या या मोकळ्या आठ तासांचा उपयोग करून घेणे हा किल्लीच्या घड्याळाच्या मालकाच्या हातातला एकमेव, बिनखर्चाचा आणि झाकण न उघडता करता येणारा उपाय आहे. उदाहरणादाखल एक घड्याळ घ्यावे, जे मनगटावर दिवसाला 12 सेकंदांच्या दराने पुढे जाते, तबकडी वर ठेवले असता 15 सेकंदांच्या दराने पुढे जाते आणि चावी वर ठेवले असता 18 सेकंदांच्या दराने मागे पडते. सोळा तास मनगटावर राहून ते 8 सेकंद पुढे जाईल. रात्रीचे आठ तास तबकडी वर घालवले तर आणखी 5 सेकंद मिळून दिवसाची चूक 13 सेकंद होईल, आणि चावी वर ठेवले तर 6 सेकंद वजा होऊन चूक केवळ 2 सेकंद उरेल. महिनाभरात पहिल्या पद्धतीने साडेसहा मिनिटांची आणि दुसरीने एका मिनिटाची चूक साचते. यंत्रात कशालाही हात न लावता एवढा फरक पडतो, आणि तरीही दुरुस्तीला आलेल्या घड्याळांपैकी बहुतेकांच्या मालकांनी ते कसे ठेवावे याचा विचार केलेला नसतो, कारण ते त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

ठेवण्याच्या सवयी मात्र घरागणिक ठरलेल्या असतात आणि त्या बांधणीवर व पट्ट्यावर अवलंबून असतात. जुन्या मातीच्या घरात देवळीत किंवा कोनाड्यात घड्याळ ठेवले जाते, तेथे कातडी पट्टा मोकळा असेल तर ते सपाट पाठीवर पसरते. पण स्प्रिंगची स्टीलची चेन असेल तर ती मोकळी होत नाही, कडे बनून राहते, आणि घड्याळ नाइलाजाने कुशीवर, चावी खाली किंवा चावी वर असे उभे राहते. खुंटीला अडकवलेले घड्याळ बकलाच्या बाजूने लटकते, म्हणजे बहुधा बारा वर. उशीखाली ठेवलेले घड्याळ रात्रभरात कसे फिरते हे सांगणे कठीण असते, आणि शिवाय ते माणसाच्या उबेत असते. कातडी पट्ट्याच्या जागी स्टीलची चेन बसवल्यानंतर पंधरा दिवसांत ‘घड्याळ मागं पडतं’ म्हणून परत येणारी घड्याळे या व्यवसायात परिचयाची आहेत. चेन बसवताना यंत्राला काही झाले असेल असा संशय मालकाला येतो, आणि घड्याळ पाठीवर पडण्याऐवजी कुशीवर विसावू लागले आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी झाकण उघडण्याची घाई करू नये. विचारावे, पाहावे, आणि मग उघडावे.

वर्धा हे रेल्वेचे गाव असल्यामुळे या प्रश्नाला येथे आणखी एक अंग होते. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वर्ध्यावरून 1867 मध्ये नागपूरला पोचला, पुढे बल्लारशाहकडे जाणारा फाटा येथूनच फुटला, आणि पूर्वी वर्धा पूर्व म्हणून ओळखले जाणारे स्थानक आज सेवाग्राम जंक्शन आहे. रेल्वेच्या नोकरीत घड्याळाची चूक केवळ गैरसोयीची राहत नाही. अमेरिकेत ओहायोतल्या किप्टन येथे 1891 मध्ये दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली, तिचा दोष एका कर्मचाऱ्याच्या मागे पडलेल्या घड्याळाकडे दिला गेला, आणि त्यानंतर वेब बॉल या घड्याळजीच्या पुढाकाराने 1893 मध्ये रेल्वेच्या घड्याळांसाठी जे नियम ठरले त्यांत किमान सतरा माणके, आठवड्याला 30 सेकंदांहून अधिक चूक नसणे आणि निदान पाच स्थितींमध्ये चाल जुळवलेली असणे या अटी होत्या. गार्डाचे किंवा चालकाचे घड्याळ कधी खिशात, कधी डब्यातल्या फळीवर, कधी हातात राहणार हे गृहीत धरूनच ती अट घातली गेली. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचे प्रमाणपत्र देणारी कोस्क ही संस्था आजही तीन उभ्या आणि दोन आडव्या अशा पाच स्थितींत, 8, 23 आणि 38 अंश सेल्सिअस तापमानांत पंधरा दिवस यंत्र तपासते आणि सरासरी चाल दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांच्या आत मागते. सर्वसामान्य माणसाच्या ‘जनता’ घड्याळाकडून एवढी अपेक्षा करणे गैर आहे, परंतु नीट सफाई केलेल्या आणि तोल साधलेल्या अशा घड्याळाची सहाही स्थितींतली चाल वीस-पंचवीस सेकंदांच्या पट्ट्यात आणता येते, आणि ज्या किमतीला ते विकले गेले त्या मानाने ही कामगिरी अभिमान वाटावा अशी आहे.

कोस्कच्या कसोटीतले 38 अंश हे कमाल तापमान वर्ध्याच्या मे महिन्यात सावलीतही ओलांडले जाते, आणि स्थितीची चूक व उष्णतेची चूक वेगळ्या काढणे हे येथील घड्याळजीचे सर्वांत अवघड काम ठरते. साध्या पोलादी हेअरस्प्रिंगच्या जुन्या घड्याळात एका अंशाच्या तापमानवाढीला दिवसाला सुमारे दहा-अकरा सेकंदांचे मागे पडणे ठरलेले असे. शार्ल एदुआर गियोम या शास्त्रज्ञाला निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरील संशोधनासाठी 1920 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या संशोधनातून निघालेल्या मिश्रधातूंनी हा दोष नगण्य केला. मात्र तेलाला मिश्रधातूचा आधार नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात तेल पातळ होऊन पसरते, पिव्हट सोडून जाते, आणि पावसाळ्यापर्यंत माणिक कोरडे पडते. कोरड्या माणकाचा फटका उभ्या स्थितीला आडव्यापेक्षा जास्त बसतो, म्हणून उन्हाळ्यानंतर एखाद्या घड्याळाच्या आडव्या व उभ्या चालीतले अंतर एकाएकी वाढलेले आढळले तर दोष बहुधा तेलाचा असतो. रात्री घड्याळ हातातून उतरवले की स्थिती आणि तापमान एकाच वेळी बदलतात, डिसेंबरच्या थंडीत तर मनगटाच्या उबेतून ते थेट गारठलेल्या कोनाड्यात जाते, आणि या दोन बदलांची गल्लत न होण्यासाठी चाचणी एकाच खोलीत, एकाच ऋतूत आणि दर वेळी पूर्ण किल्ली देऊन करावी लागते.

चाचणीची पद्धत साधी आहे, तिला लागतो तो धीर. रोज एका ठरलेल्या वेळी पूर्ण किल्ली देऊन घड्याळ एकेका स्थितीत चोवीस तास ठेवायचे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फरक लिहायचा, आणि मग पुढची स्थिती घ्यायची. पूर्वी हा फरक आकाशवाणीच्या वेळसूचक ध्वनीवर पाहिला जाई, आता तो मोबाइलवर पाहता येतो. टाइमग्राफर नावाचे यंत्र ठोक्यांचा आवाज ऐकून हेच काम काही मिनिटांत करते आणि झोकाही दाखवते, परंतु त्याने दिलेली चाल ही त्या मिनिटांची चाल असते. कमान सैल होत जाताना उत्तररात्री काय होते हे चोवीस तासांच्या नोंदीतूनच कळते, आणि दोन्हींचा उपयोग करणारा कारागीर यंत्राच्या आकड्यापुढे वहीतल्या आकड्याला अधिक मान देतो. तो तसा द्यावा, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अशा वहीत एका घड्याळाला एक ओळ असते: तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी खाली, बारा वर, सहा वर, असे सहा रकाने, आणि सातव्या रकान्यात ‘रात्री कोनाड्यात पाठीवर’ किंवा ‘चेनवर, चावी खाली’ असे मालकाच्या तोंडचे शब्द. रेग्युलेटर कुठे सरकवायचा हे या सातव्या रकान्यावरून ठरते: रात्री पाठीवर विसावणाऱ्या घड्याळाची हातातली चाल दोन-चार सेकंद मागे राहील अशी लावायची, चावी खाली विसावणाऱ्याची तेवढीच पुढे.

क्वार्ट्झ घड्याळांचा प्रसार झाल्यावर या ज्ञानाची रोजची गरज संपली, कारण स्फटिकाच्या कंपनांवर आडवे-उभे याचा जाणवेल असा परिणाम होत नाही. एचएमटीचे घड्याळ-कारखाने बंद करण्याचा निर्णयही 2016 मध्ये झाला. तरीही वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ चालू करून मागणारी तरुण माणसे आज दुरुस्तीला येतात, आणि त्यांना किल्ली रोज एका वेळी द्यावी हेही पहिल्यांदाच सांगावे लागते. अशा मालकाला रेग्युलेटर, झोका, जड बाजू यांची नावे सांगून काही साधत नाही. त्याला सांगावे ते एवढे, की आठवडाभर हे घड्याळ रात्री तबकडी वर करून ठेवा आणि रोज सकाळचा फरक लिहा, पुढचा आठवडाभर चेन मिटवून चावी वर राहील असे कुशीवर ठेवा आणि पुन्हा लिहा, आणि मग ते दोन कागद घेऊन या, झाकण त्यानंतर उघडू.